बाबायची बढती

आमच्या घराण्यात नाव घ्यायची पद्धत नव्हती. माझी आई वडिलांचा उल्लेख 'हे' असा करायची. वडील आईला 'ऐकलं का' म्हणायचे आणि तिने ऐकलं नाही तर तेच जरा मोठ्याने म्हणायचे. मी नागपूरला इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर केलं, ऑफिसात साहेबाच्या साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारायला शिकलो, पण बायकोला जन्मभर 'अगं' म्हणालो. ती मला 'अहो' म्हणायची. चार अक्षरांत आमचा संसार झाला. तेव्हा या लिखाणात कुणाचंच नाव सापडलं नाही, तर तो माझ्या वळणाचा दोष समजावा.

ती जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यानंतर बरेच दिवस मी डब्लिनच्या घरात एकट्याने काढले. दाढी वाढवली, कारण 'आता ती करा' असं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचं एकच पालुपद असायचं, "बाबा, तुम्ही इकडे मूव्ह व्हा ना. तिथे एकटे काय करताय?" मी एकटा काय करतोय याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी चिडायचो.

शेवटी एका सप्टेंबरात मी एक मोठी काळी बॅग भरली आणि निघालो. घर मात्र होतं तसंच ठेवलं, पडद्यांसकट आणि फडताळातल्या डब्यांसकट. मुलाला म्हणालो, "विकायचं नंतर बघू." मनात वेगळंच होतं. मुलगा आणि सून दिवसभर कामात असणार. राहायचं ते साडेतीन वर्षांच्या नातीसाठी. ती जवळ आली तर राहायचं, नाही आली तर उन्हाळ्याच्या आत काहीतरी निमित्त काढून डब्लिनला परत फिरायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. हे कुणालाही सांगितलं नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाने आपला निकाल साडेतीन वर्षांच्या मुलीवर सोपवावा, हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच.

सून युक्रेनियन. लहानपणीच आईचं बोट धरून या देशात आलेली. तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, नात झाल्यापासून कॅरीलाच राहतात. त्या मला 'स्वात' म्हणतात. त्यांच्या भाषेत व्याह्याला तसंच म्हणतात. विहिणीला काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं तेव्हा मला 'स्वाहा' असं ऐकू आलं. मी धसका घेऊन 'विहीणबाई' हेच चालू ठेवलं.

तर मी पोचलो तो प्रसंग. बॅगेचं एक चाक विमानतळावरच निखळलं होतं, म्हणून ती मी खांद्यावर घेतली होती आणि तिच्या वजनाने वाकलो होतो. मुलाने दार उघडलं. आत पॅसेजच्या टोकाला नात उभी होती. तिने मला एकदा पायांपासून दाढीपर्यंत पाहिलं आणि ओरडली, "बाबाय!"

मला भरून आलं. माझा मुलगा मला बाबा म्हणतो, त्याचं ऐकून पोरीनेही हाक मारली, असं वाटलं. मी दोन्ही हात पसरले आणि "हो हो, बाबाच!" म्हणत पुढे झालो. ती पुन्हा "बाबाय!" असं किंचाळली, डायनिंग टेबलाखाली घुसली आणि टेबलाच्या पायाला मिठी मारून बसली.

"बाबा, ती जस्ट शाय आहे," मुलगा म्हणाला. टेबलाखालून येणारा आवाज लाजण्याचा नव्हता, एवढं मलाही कळत होतं.

पुढचे दोन महिने मी त्या घरात एखाद्या साथीच्या रोगासारखा वावरलो. मी खोलीत शिरलो की ती बाहेर जायची. माझी बॅग पॅसेजमधल्या क्लॉजेटमध्ये ठेवली होती, तर क्लॉजेटवरून जाताना ती भिंतीला चिकटून पळायची. तिच्यासाठी आणलेली लाकडी बाहुली द्यावी म्हणून एकदा मी तिच्यासमोर बॅगेत हात घातला. बाहुली बाहेर येईपर्यंत ही वरच्या मजल्यावर पोचली होती. मुलाने फोनवर कुठलंसं अ‍ॅप उघडून निदान केलं, "स्ट्रेंजर एंग्झायटी. फेज आहे बाबा, टेन्शन घेऊ नका." सून हळू आवाजात म्हणाली की तिला जरा स्पेस द्यायला हवी. या देशात कशावरही स्पेस हेच औषध असतं. डब्लिनला माझ्याकडे चार बेडरूमची स्पेस पडून होती, ती सोडूनच मी इथे आलो होतो.

कॅरीला सकाळी तळ्याकाठी फिरणाऱ्या रिटायर्ड मराठी लोकांचा एक घोळका असतो. तिथे प्रत्येक काका आपापल्या नातवंडांचा अहवाल देतो. "आमची नात तर मला सोडतच नाही यार," एक जण रोज सांगायचा. "आमचीही," मी म्हणायचो. खोटं बोलण्याचं मला वाईट वाटत नव्हतं, ते पुन्हा पुन्हा बोलावं लागतं याचं वाटत होतं.

उलगडा झाला तो नोव्हेंबरातल्या एका दुपारी. विहीणबाई नातीला झोपवत होत्या. मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून वाचत बसलो होतो आणि दार अर्धवट उघडं होतं. त्या त्यांच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होत्या, आणि त्या गाण्यात तीन वेळा 'बाबाय' आला. मी पुस्तक मिटलं.

"डोळे मीट," विहीणबाई इंग्रजीत म्हणाल्या, "नाहीतर बाबाय येईल."

"ही इज हिअर," नात कुजबुजली.

"छे, तो बाहेर असतो. खिडकीबाहेर, पोतं घेऊन."

"नो," नात ठामपणे म्हणाली. "द बॅग इज इन द क्लॉजेट."

मग विहीणबाईंचं डोकं दारातून बाहेर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या दाढीकडे पाहिलं, क्लॉजेटकडे पाहिलं, आणि तोंडावर हात दाबला.

नात झोपल्यावर स्वयंपाकघरात चहाबरोबर सगळा खुलासा झाला. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं. दोघांचंही इंग्रजी दोन वेगळ्या दिशांनी आलेलं असल्याने आम्ही सावकाश आणि नीट बोलतो. त्यांच्या भाषेत 'बाबा' म्हणजे म्हातारी, आजी. त्या घरात बाबा ही पदवी विहीणबाईंना आधीच दिलेली होती. आणि पुढे नुसता 'य' लागला की झाला 'बाबाय', म्हणजे पाठीवर पोतं टाकून फिरणारा, वाकलेला, दाढीवाला म्हातारा, न झोपणाऱ्या पोरांना उचलून नेणारा. आपला बागुलबुवा. इकडे माझा मुलगा दर रविवारी कॉल संपवताना लेकीला सांगत होता, "से, बाबा, बाय!" पोर घाईघाईत ते जोडून म्हणायची आणि स्क्रीनसमोरून धूम ठोकायची. लाजते, असं आम्ही म्हणायचो. दोन वर्षं दर रविवारी तिच्या बापाने हसत हसत तिला बागुलबुवाला टाटा करायला लावलं होतं, आणि मग एके दिवशी स्वतः दार उघडून त्याला बॅगेसकट घरात घेतलं होतं.

विहीणबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. मला राग आला. गोष्ट हसण्यासारखी आहे हे कळत होतं, तरी आला. मी म्हणालो की शिकल्यासवरल्या लोकांनी लहान मुलांना असं घाबरवून झोपवू नये. त्यांनी विचारलं की मला लहानपणी कसं झोपवायचे. मी चहा प्यायलो.

मग त्यांनी कचऱ्यात टाकायला ठेवलेल्या टपालातलं एक पाकीट ओढलं आणि त्याच्या पाठीवर मला त्यांच्याकडची सगळी मंडळी काढून दाखवली. रानात राहतो तो लिसोविक, कारण रान म्हणजे 'लिस'. पाण्यात राहतो तो वोद्यानिक, कारण पाणी म्हणजे 'वोदा'. शेतात राहतो तो पोल्योविक. घरात राहतो तो दोमोविक. सगळे नुसते पत्ते होते, नाव एकाचंही नव्हतं.

शब्द दिसला की त्याचं कूळ शोधायची मला जुनी खोड आहे. मी लगेच सांगितलं की वोदा म्हणजे आमचं उदक. दोम म्हणजे घर, आणि संस्कृतात घराला 'दम' म्हणायचे, म्हणून नवराबायको ते दंपती, घराचे धनी. त्यांचा घरातला भुताटकीवाला आणि आमचं लग्नाच्या आहेरावरचं 'दांपत्य' एकाच मुळाचे निघाले. मला फार आनंद झाला. विहीणबाईंना तितकासा झालेला दिसला नाही.

"यांना नावं का नाहीत?" मी विचारलं.

"नाव घेतलं की येतात," त्या म्हणाल्या. "अस्वलाचंही तसंच. आम्ही त्याला वेद्मिद म्हणतो. मध खाणारा. त्याचं खरं नाव घ्यायला लोक इतके घाबरले की शेवटी विसरूनच गेले."

आता मला राहवेना. मी म्हणालो, "आमच्याकडे आहे ते! ऋक्ष! तुमचं हरवलेलं नाव आमच्या संस्कृतात जपून ठेवलंय. मराठीत आम्ही अजून रीस म्हणतो."

"आणि तुम्ही म्हटलं की तो येत नाही?"

"त्याला संस्कृत येत नाही," मी म्हणालो. भुतं, अस्वलं, नावं न घेणं, या सगळ्या अडाणी समजुती कशा जगभर सारख्याच आहेत यावर मी थोडं बोललोही. विहीणबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग कप विसळता विसळता विचारलं, "स्वात, तुमच्या बायकोचं नाव काय होतं? तुम्ही नेहमी 'ती' म्हणता."

मी म्हणालो, आमच्यात नाव घेत नाहीत.

"का?" त्या म्हणाल्या. "ती अस्वल होती?"

मी तिला काय हाक मारायचो ते सांगितलं. त्यांनी दोनतीनदा "अगं, अगं" असं म्हणून पाहिलं आणि याचा अर्थ काय असं विचारलं. अर्थ काही नाही, नुसतं हाक मारणं, मी म्हणालो. तो दिवस मला चांगला गेला नाही.

बाबायचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उभाच होता. मुलाचं म्हणणं, बाबाय वगैरे काही नसतं असं पोरीला क्लिअर सांगून टाकावं. विहीणबाईंनी मान हलवली. "तिने त्याला बघितलंय. रोज सिरियल खाताना बघते. नाही असं कसं सांगणार? तो आहे. त्याचं पद बदलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी शेगडीजवळच्या खुर्चीवर चहा पीत बसलो असताना त्या नातीला पाठीशी घेऊन आल्या आणि माझी ओळखपरेड सुरू झाली. बाबाय कधी चहा पितो का? नाही. बाबायला कधी स्लिपर असतात का? स्लिपर कोण घालतं? जो घरचा असतो तो. मग घरात राहणारा, दाढीवाला, शेगडीजवळ बसणारा कोण असतो?

"दोमोविक," पाठीमागून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "हू गेव्ह हिम स्लिपर्स?"

"डॅडीने."

तिने बराच वेळ माझ्या स्लिपरकडे पाहिलं. मी मराठीत मुलाला म्हणालो, "अरे, मी तिचा आजोबा आहे, तेवढं सांगा की. हे भुताचं पद कशाला?" विहीणबाईंना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. "ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी तिला टेबलाखालून बाहेर येऊ द्या."

दोमोविकची लक्षणं त्यांनी सविस्तर सांगितली. तो तिरसट असतो. सिंकमध्ये खरकटी भांडी राहिली की त्याला झोप येत नाही आणि तो आदळआपट करतो. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही की रुसतो. आळशी माणसांना चिमटे काढतो. पण घर राखतो. "बाबा," माझा मुलगा म्हणाला, "धिस इज लिटरली यू." सुनेने हसू दाबायला फ्रिज उघडला.

आपल्याकडेही वास्तुपुरुष असतो हे मी त्यांना सांगितलं. घर बांधलं की त्याला जमिनीत पुरतात, आणि घरात कुणी काही बोललं की तो 'तथास्तु' म्हणतो. डब्लिनला बेसमेंटचं काँक्रीट फोडायची सोय नव्हती, तेव्हा गुरुजींनी त्याला कुंडीत पुरायची परवानगी दिली होती. कुंडी अजून तिथेच होती.

"मग घर बदललं की तो कसा येतो?" विहीणबाईंनी विचारलं.

"येत नाही. तो त्या घराचाच."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. त्यांचा दोमोविक येतो. निघताना जुना बूट शेगडीपाशी ठेवायचा आणि म्हणायचं, "दिदू, चल आमच्याबरोबर." दिदू म्हणजे आजोबा, मानाने मारायची हाक. तो बुटात बसून येतो. त्या स्वतः देश सोडून आल्या तेव्हा आपल्या वडिलांचा एक बूट घेऊन आल्या होत्या. "आला का?" मी विचारलं. "कस्टमवाल्यांनी काही हरकत घेतली नाही," त्या म्हणाल्या. नात हे सगळं ब्रेड चावत ऐकत होती. ही बुटाची गोष्ट तिने शंभरदा ऐकलेली असावी, कारण पुढचा शब्द तीच आधी सांगत होती.

त्या आठवड्यापासून माझ्या खोलीच्या दाराबाहेर रोज सकाळी नैवेद्य यायला लागला. बशीत थंड दूध आणि माशाच्या आकाराचं एक खारं बिस्किट. थंड दुधाने मला गॅसेस होतात. पण बशी रिकामी झाली की नाही हे पॅसेजच्या टोकावरून तपासलं जात होतं, त्यामुळे मी प्यायचो. पंधरा दिवसांनी बशी दाराच्या आत आली. डिसेंबरात ती खाटेजवळच्या टेबलावर आली. जानेवारीत एकदा तिने बशी हातात धरून ठेवली आणि म्हणाली, "दिदू, ओपन." मी तोंड उघडलं आणि तिने त्यात मासा टाकला. मग एक बोट माझ्या दाढीला लावून पाहिलं. मी अजिबात हललो नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात बसलो होतो तेव्हाही मी इतका धीर धरला नव्हता.

तिच्याकडे गोष्टींचं एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यात बाबा यागा नावाची नाकाड म्हातारी एका मोठ्या भांड्यात बसून हवेतून चालली होती आणि तिच्या हातात दांडका होता. "हा तर खलबत्ता!" मी म्हणालो. माझी बायको नागपूरहून पहिल्यांदा इकडे आली तेव्हा हँडबॅगेत पितळी खलबत्ता घेऊन आली होती. अमेरिकेत वेलदोडे कशात कुटणार, हा तिला पडलेला एकमेव प्रश्न होता. विमानात तिने तो मांडीवर ठेवला होता. विहीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तीही खलबत्त्यातूनच आली." त्या दिवशी पहिल्यांदाच, तिच्याविषयी कुणाशी बोलून मला बरं वाटलं.

मार्च लागला तसा मुलगा घराविषयी बोलायला लागला. स्प्रिंगमध्ये घरं लिस्ट करतात, त्याआधी एकदा जाऊन सामान सॉर्ट करायला हवं. मी चार दिवसांसाठी जायचं कबूल केलं. माझं काही ठरलेलं नव्हतं. पोर आता घाबरत नव्हती हे खरं, पण दूध पाजणं वेगळं आणि मांडीवर येऊन बसणं वेगळं. ती मला घरातलं एक भूत समजत होती, आणि भूत चार दिवस दिसलं नाही तर मुलं विसरतात. एकदा डब्लिनला पोचलो की तिथेच राहून जावं, असंही मनात येत होतं. परतीचं तिकीट मुलाने काढलं होतं, पण तिकीट कॅन्सल करता येतं.

मी क्लॉजेटमधून काळी बॅग काढली तेव्हा नात दारात येऊन उभी राहिली. बॅग पाहून आता पुन्हा टेबलाखाली जाते की काय, म्हणून मी बॅग उघडी ठेवून बाजूला झालो.

"आर यू टेकिंग किड्स?" तिने विचारलं.

"नाही गं. पायजमे."

तिने बॅगेत डोकावून खात्री करून घेतली आणि निघून गेली. निरोपाच्या वेळी ती कार्टून बघत होती. तिने मान वळवली नाही.

डब्लिनचं घर गार पडलं होतं. हीटर लावला, कोट न काढता सगळ्या खोल्यांतून फिरून आलो. मग टॉवेल काढावा म्हणून बॅग उघडली. टॉवेलच्या घडीत एक लाल कापडी बूट होता, माझ्या तळहातावर मावेल एवढा. आत एक खारा मासा होता.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. तेवढ्यात मुलाचाच फोन आला. "बाबा, पोचलात ना? आणि ऐका, तिचा एक रेड शू कुठे बघितला का? सकाळपासून एकाच शूवर फिरतेय. दुसरे घाल म्हटलं तर रडते. प्रीस्कूलला पण तशीच गेली." मी काही बोलायच्या आत मागून विहीणबाईंनी फोन घेतला.

"स्वात, तुमच्याकडे आहे?"

"आहे."

त्या म्हणाल्या, "दिदूला केवढा बूट लागेल असं विचारत होती मला. मी म्हटलं, तो कुठल्याही मापात बसतो." आणि फोन ठेवायच्या आधी, काम सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या, "शेगडीपाशी ठेवा आणि हाक मारा. हाक मारल्याशिवाय तो येत नाही."

मी बूट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिथली शेगडी इलेक्ट्रिक, तीसुद्धा मी आल्यापासून बंद. बाजूला ओट्यावर तिचा पितळी खलबत्ता होता. मी बूट शेगडीसमोर जमिनीवर ठेवला आणि खिडकीतून शेजारी कुणी बघत नाही ना, याची खात्री केली. मग मला कळेना की हाक मारायची कुणाला. दिदू तर मीच होतो. वास्तुपुरुष कुंडीत, आणि तो कुठे येणार नव्हता. त्या घरातून बरोबर न्यावं असं दुसरं कोण होतं, हे मला आधीपासून माहीत होतं.

"अगं," मी म्हणालो.

आयुष्यभर एवढ्यावर काम भागलं होतं. ती कुठेही असली, बेसमेंटमध्ये, बागेत, तरी तिथून "आले" म्हणायची.

मग मी तिचं नाव घेतलं. लग्नात घास भरवताना एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर फॉर्मवर लिहिलं, डॉक्टरांना स्पेलिंग करून सांगितलं, पण तिला हाक म्हणून कधी मारलं नाही. तीन अक्षरांचं नाव आहे. पहिल्या अक्षरावरच माझा आवाज चिरकला, म्हणून पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा नीट जमलं. ती असताना एकदा तरी असं म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं, हातातलं टाकून वळून पाहिलं असतं की हसली असती, हे मला आता कधीच कळणार नाही. याचं मला अतिशय वाईट वाटलं आणि मी ओट्याला धरून रडलो. मग म्हणालो, "चल. पोरीने बूट पाठवलाय."

संध्याकाळी मुलाला फोन करून घर लिस्ट करायला सांगितलं.

चौथ्या दिवशी परत निघालो. डब्लिनजवळच्या कोलंबसच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या मशीनमध्ये माझी बॅग अडली. असा पितळी खलबत्ता त्या मशीनने पाहिलेला नसावा. निळे हातमोजे घातलेल्या तरुण अधिकारी बाईंनी बॅग उघडली, नऊवारीत गुंडाळलेला खलबत्ता बाहेर काढला, बत्ता वेगळा काढला, दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. हे कशासाठी, असं विचारलं. वेलदोडे कुटायला, मी म्हणालो. त्यांनी ते जसंच्या तसं परत ठेवलं. त्याच्याशेजारी मी तो लाल बूट ठेवला होता. बाईंनी तो बोटाने उचलला, त्यात वाकून पाहिलं, आणि मग बॅगेच्या आत, बाजूच्या कप्प्यात, खाली ट्रेमध्ये शोधायला लागल्या.

"सर, एकच आहे?" त्यांनी विचारलं. "दुसरा कुठे आहे?"

"दुसरा घरी आहे," मी म्हणालो.